छातीतील धडधड आणि शिक्षकाची दिनचर्या
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



भीतीचे वर्णन करणारे मराठी वाक्प्रचार मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेतले जातात. काळजाचा ठोका चुकणे, छातीत धस्स होणे, तोंडचे पाणी पळणे, पोटात गोळा येणे, अंगावर काटा उभा राहणे, हातपाय गार पडणे, दरदरून घाम फुटणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करावयास लावले की तो पाठ संपतो. हे सारे भाषेचे अलंकार आहेत अशी शिकविणाराची समजूत असते आणि शिकणाराचीही तीच होते. वस्तुतः यांतील एकही अलंकार नव्हे. भ्यालेल्या मनुष्याच्या शरीरात जे प्रत्यक्ष घडते त्याची ती सरळ नोंद आहे, आणि शरीरशास्त्राला ती फार उशिरा करता आली. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने वेदना, भूक, भय व क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवरील आपला ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध केला. त्यात जे प्रयोगाने सिद्ध केले आहे त्यातील बराचसा भाग घरातील वृद्ध स्त्रिया बोलण्याच्या ओघात सहज सांगून जात असत.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. संकट समोर आले, अथवा आले असे मनाला वाटले, की मज्जातंतूंकडून तिला इशारा पोचतो आणि ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. मग हृदय जलद व जोराने चालू लागते, कारण पळावयाचे अथवा झुंजावयाचे असेल तर हातापायांच्या स्नायूंना अधिक रक्त हवे. त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार पडतात. अन्नपचन तूर्त थांबविले जाते, म्हणून पोटात गोळा येतो. लाळ आटते, म्हणून तोंडचे पाणी पळते. केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आखडतात, तो अंगावरचा काटा. काळजाचा ठोका चुकणे हा वाक्प्रचार तर विलक्षण अचूक आहे. कधीकधी हृदयाचा एक ठोका ठरलेल्या वेळेच्या किंचित आधी पडतो. त्यानंतर नेहमीपेक्षा थोडी मोठी विश्रांती होते. तेवढ्यात हृदयात अधिक रक्त साठते आणि पुढचा ठोका जोराने बसतो. मनुष्याला ती मधली पोकळी व मागून येणारा धक्का एवढेच जाणवते, आणि ठोका चुकला असे तो म्हणतो. असे आगाऊ ठोके निरोगी माणसांतही पडत असतात; बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा चालणाऱ्या यंत्राने चार-दोन वेळा घाई केली, तर त्याला लगेच नादुरुस्त ठरविण्याचे कारण नाही.

ही व्यवस्था मनुष्याच्या रक्षणासाठी आहे. परंतु तिला एक मर्यादा आहे. दारात खरोखरीच साप आहे की उद्याच्या तपासणीची नुसती आठवण झाली आहे, हा भेद तिला करता येत नाही. दोन्ही प्रसंगी ती सारखीच घंटा वाजविते.

कोकणातील माणसाला हे समजण्यासाठी दूरचे उदाहरण नको. भातकापणीच्या दिवसांत पेंढ्यातून किंवा जांभ्या दगडांच्या फटीतून निघणारा तांबडा विंचू डसला, म्हणजे रोग्याला घाम फुटतो, वांती होते, हातपाय बर्फासारखे गार पडतात व छाती धडधडू लागते. महाड भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसून निरीक्षणे केली व ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली प्रसिद्ध झाली. विंचवाचे विष शरीरातील ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा एकाएकी पूर लोटते, आणि त्या पुराखाली हृदय व फुप्फुसे गुदमरतात. रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन हे औषध या दंशावर कसे उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ साली मांडले व त्यामुळे असंख्य प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू जे विषाने करतो तेच, पुष्कळ सौम्य प्रमाणात, भीती विषावाचून करते. फरक मात्र ध्यानी ठेवावयास हवा. विंचवाच्या दंशाने जीव जाऊ शकतो, म्हणून तेथे क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. निरोगी हृदयाची भीतीने झालेली धडधड कितीही भयंकर वाटली तरी थोड्या वेळाने आपसूक ओसरते. चढलेली नदी उतरते तशी ती उतरते. मात्र वरून आणखी पाऊस पडता कामा नये.

हा वरचा पाऊस म्हणजे काय, ते एका शिक्षकाच्या उदाहरणाने पाहू. कल्पना करावी की, सड्यावरील एका वाडीत दोन शिक्षकांची शाळा आहे. गाडी खाली रस्त्यापर्यंतच येते. तेथून पाखाडी चढून वर जावयाचे. आदल्या रात्री पोषण आहाराचा हिशेब, पटाचे तक्ते व ऑनलाइन भरावयाची माहिती यांत गुरुजींना एक वाजला. सकाळी पोटात काही न घालता दोन पेले चहा झाला. गाडी उशिरा आली म्हणून पाखाडी झपाट्याने चढले. अर्ध्यावर छाती धडधडू लागली. यात आश्चर्य काहीच नव्हते. अपुरी झोप, रिकामे पोट, चहा व चढण या चौघांनी मिळून ते केले होते. परंतु गेल्याच महिन्यात त्यांच्याच वयाचे एक परिचित हृदयविकाराने गेलेले असतात. ‘हे तेच तर नव्हे?’ असा विचार मनात आला, आणि त्या विचाराबरोबर ॲड्रेनलिनची दुसरी लाट आली. धडधड वाढली, म्हणून भीती वाढली. भीती वाढली, म्हणून श्वास उथळ व जलद झाला. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा कमी झाला, म्हणून बोटांना मुंग्या आल्या व डोके हलके झाले. आणि मुंग्या आल्या म्हणजे आता संपलेच, अशी खात्री झाली. गुरुजी गडग्यावर टेकले. वीस मिनिटांत सर्व ओसरले.

खरी हानी होते ती यानंतर. दुसऱ्या दिवशी ते पाखाडी जपून, थांबत थांबत चढतात. आठवड्याने सहकाऱ्याच्या मोटारसायकलीवरून लांबच्या वाटेने जातात. मुलांबरोबर कवायत करणे बंद होते. भर बाजारात चक्कर आली तर काय, म्हणून बाजार बंद. गाडीत कोंडल्यासारखे होईल, म्हणून भाच्याच्या लग्नाला जाणे नाही. दिवसातून दहा वेळा बोटे मनगटावर जातात. ईसीजी निर्दोष येतो, त्याने दोन दिवस बरे वाटते. तिसऱ्या दिवशी यंत्रच सदोष नसेल कशावरून, अशी शंका येते. हृदयाला काही झालेले नाही. परंतु आयुष्याचा एकेक कोपरा बंद होत चालला आहे, आणि पुढे रजेचे अर्ज लिहिले जात आहेत. वर्गातील तीस मुलांना खेळविणारा मनुष्य खुर्चीला खिळतो. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

येथे अशा माणसाला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात, आणि दोघेही चुकतात. एक म्हणतो, ‘हे सारे मनाचे खेळ आहेत, सोडून द्या.’ दुसरा म्हणतो, ‘जिवाला जपा, काही करू नका.’ पहिल्याने दुःख खोटे ठरविले. दुसऱ्याने ते पक्के केले. धडधड खोटी नसते. ती शरीरात खरोखर होत असते. आणि चिंताही पुष्कळदा निराधार नसते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात घराघरांत शिरले. ती रात्र ज्याने माडीवर किंवा छपरावर काढली, त्याची छाती पुढील आषाढात कौलांवर सरी कोसळू लागताच धडधडली, तर त्यात हसण्याजोगे काय आहे? जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात ज्यांच्या पोफळी व आंबे दापोली-मंडणगडकडे मुळासकट उन्मळून पडले, त्यांची गोष्टही तीच. शरीराने एक धडा घेतला आहे, आणि तो त्याच्या चांगलाच लक्षात राहिला आहे.

म्हणून पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. ती एकदा, नीट व्हावी. छातीची धडधड भीतीवाचूनही होते. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असले म्हणजे होते, आणि स्त्रियांमध्ये हे कारण फार आढळते. शिक्षिकाभगिनींची तक्रार ‘घरची काळजी’ म्हणून उडवून लावण्यापूर्वी त्यांचे रक्त तपासलेले असावे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली तर धडधड होते, हात कापतात, वजन घटते. वरवर पाहता ते चिंतेचेच चित्र दिसते. दम्याची काही औषधे, ताप, अतिसारानंतर शरीरातील पाणी व क्षार कमी होणे, रजोनिवृत्तीचा काळ, ही आणखी कारणे. धडधडीबरोबर शुद्ध हरपत असेल, छातीत दाबल्यासारखे दुखत असेल, सपाटीवर चालतानाही धाप लागत असेल, विश्रांती घेत असतानाही नाडी बराच वेळ वेडीवाकडी चालत असेल, अथवा घरात कोणी तरुण वयात एकाएकी दगावले असेल, तर श्वासाचे व्यायाम करीत बसू नये. डॉक्टर गाठावा, आणि प्रसंग तातडीचा असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. खेळताना एकाएकी बेशुद्ध पडणाऱ्या मुलाला ‘उन्हाने झाले’ म्हणून सोडून देऊ नये. घसा दुखून ताप व सांधे सुजणे असे होऊन गेलेल्या मुलाला पुढे काही दिवसांनी धाप व धडधड होऊ लागली, तर त्याच्या हृदयाच्या झडपांना सांधेवाताच्या तापाने इजा केलेली असू शकते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा रोग विशेषेकरून आढळतो, आणि त्या मुलांना घरच्या माणसांइतकाच वेळ शिक्षक पाहत असतो.

तपासणीत काही निघाले नाही, म्हणजे मग दिनचर्येचा प्रश्न. दिनचर्या हा शब्द उच्चारला की पहाटे चार वाजता उठणे व थंड पाण्याने स्नान असले काहीतरी डोळ्यांपुढे येते. तसल्या वीरवृत्तीची येथे आवश्यकता नाही.

चहापासून आरंभ करावा, कारण तेथे गुण लवकर येतो. कोकणात घरी आलेल्या माणसाला चहा हवा का असे विचारण्याची रीत नाही. तो पुढे येतोच. पटनोंदणीसाठी दहा घरे फिरणाऱ्या शिक्षकाच्या पोटात संध्याकाळपर्यंत सहा-सात पेले गेलेले असतात, आणि नको म्हणणे म्हणजे यजमानाचा अवमान. चहातील कॅफिन हे द्रव्य मज्जासंस्थेला चाळविते. घेतलेल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जावयास प्रौढ माणसात साधारण पाच तास लागतात, व्यक्तीपरत्वे कमीअधिक. म्हणजे सायंकाळी पाचचा चहा रात्री दहा वाजता निम्मा शिल्लक असतो, आणि झोप का येत नाही याचा विचार करीत मनुष्य कूस बदलत राहतो. चहा एकदम तोडू नये. डोके दुखते व चिडचिड होते, आणि त्या त्रासालाच नवा आजार समजले जाते. आठवडाभरात एकेक पेला कमी करावा, दुपारनंतरचा बंद करावा. आग्रहाच्या घरी ताक किंवा कोकमाचे सरबत मागितले तर यजमानीण रागावल्याचे ऐकिवात नाही. आणि सकाळी चहापूर्वी पोटात काहीतरी जावे. मऊ पेज व तोंडी लावावयास चार भाजलेले काजू किंवा पापड, एवढ्याने भागते. शहरी न्याहारीच्या नादात पेजेला आता उगाच कमी लेखले जाते.

तंबाखूविषयी फार बोलण्याचे कारण नाही. मशेरी असो, तपकीर असो, विडी असो, निकोटिन नाडीचा वेग वाढविते. तंबाखूने मन शांत होते हा अनुभव खरा वाटतो. पण शांत होते ती तंबाखूचीच तलफ, जी तंबाखूनेच उत्पन्न केलेली असते. दारूचेही असेच: रात्री भय झोपते, पहाटे दुप्पट होऊन उठते.

झोपेच्या बाबतीत एकच नियम पाळला तरी पुष्कळ. निजण्याची वेळ हातात नसते, उठण्याची असते. रविवारीही उठण्याची वेळ तीच ठेवावी. काही दिवसांत निजण्याची वेळ आपोआप जागेवर येते. अंथरुणात जागे पडून विचारांशी कुस्ती खेळू नये. उठून पडवीत बसावे, डोळे जड झाले की परत जावे. शाळेचे संदेश रात्री दहानंतर पाहिले नाहीत, तर शिक्षण खात्याचे काही अडत नाही. ते रात्री पाठविले नाहीत, तर अनेकांची झोप वाचेल, एवढे वरिष्ठांच्याही कानी घालण्यास हरकत नसावी.

आता श्वासाविषयी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व योगाच्या क्रिया क्ष-किरणे आणि रक्तदाबमापक यांच्या कसोटीवर घासून पाहण्याचा उपक्रम आरंभिला. त्याच परंपरेतून पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना रोज अर्धा तास शवासन देऊन त्याचे परिणाम पाहिले व १९६९ साली ते प्रसिद्ध केले. पुष्कळ रोग्यांचा रक्तदाब उतरला, कित्येकांचे औषध कमी करता आले, आणि अस्वस्थता व निद्रानाश या तक्रारींनाही उतार पडला. शवासनात चमत्कार नाही. त्यात रोगी उताणा निजून अंगाचा एकेक भाग सैल सोडतो, श्वास पोटाने, संथ घेतो आणि लक्ष नाकपुडीशी येणाऱ्या-जाणाऱ्या हवेवर ठेवतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात व बाहेर सोडताना किंचित संथ; हृदयाला आवरून धरणारी एक मोठी नाडी, व्हेगस, उच्छ्वासाच्या वेळी अधिक काम करते. म्हणून चार अंक मोजून श्वास घ्यावा, सहा अंक मोजून सोडावा; पाच-सात मिनिटे, दिवसातून दोन वेळा. खोल श्वास घ्या, असा उपदेश घाबरलेल्या माणसाला सर्रास केला जातो. तो अपुरा आहे, कारण तो बिचारा आधीच अधिक हवा ओढीत असतो. श्वास सोडण्याकडे लक्ष वेधावे. आणि हा अभ्यास स्वस्थ असताना करावा. वादळ सुटल्यावर शीड गुंडाळावयास शिकता येत नाही, हे हर्णै-जयगडच्या खलाशांना ठाऊकच आहे.

एवढे सर्व केले आणि पाखाडी मात्र टाळली, तर काहीच केले नाही असे होते. चिंतेच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि नेमकी तीच पथ्यपाण्याच्या याद्यांतून सुटते. ज्या जागेची भीती वाटते ती टाळली, की तत्काळ बरे वाटते. आणि त्या बरे वाटण्यातूनच मन शिकते की टाळले म्हणून वाचलो. दर टाळण्याबरोबर भीती बळावते. उलट धडधड होत असतानाही मनुष्य तेथेच थांबला, ती चढते कशी, माथ्याला पोचते कशी व उतरते कशी हे त्याने पाहिले, की शरीराला नवा धडा मिळतो. हे एका दिवसात करावयाचे नाही. वरील उदाहरणातील गुरुजींनी डॉक्टरांची संमती मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात पाखाडीच्या वीस पायऱ्या चढाव्यात, धडधड झाली तर तेथेच उभे राहून ती ओसरू द्यावी, आणि ओसरल्यानंतरच पुढे किंवा मागे जावे. भीतीच्या भरात मागे फिरू नये. फिरावयाचे तर शांत झाल्यावर. पुढच्या आठवड्यात चाळीस. मनगटावर नाडी पाहण्याची सवय दिवसातून दहा वेळांवरून तीन, मग एक, मग बंद. काही दिवस वाईट जातील. पावसाळ्यात उघडीप पडते तशी ही प्रगती सलग नसते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. शाळेच्या वाटेवरील चढण तेवढे सहज पुरविते, आणि चालणाराच्या अंगी हळूहळू अशी क्षमता येते की त्याच चढावर हृदयाला कमी धावावे लागते.

या जिल्ह्यातच एका लाजाळू मुलाचे उदाहरण आहे. १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. परीक्षेसाठी हा मुलगा सवंगड्यांबरोबर मुरुडाहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेला, आणि तेथे परीक्षकांनी त्याची लहानखुरी मूर्ती पाहून, वय पुरेसे दिसत नाही म्हणून त्यास परीक्षेला बसूच दिले नाही. इतकी वाटचाल करून रिकाम्या हाताने परतताना त्या मुलाच्या छातीत काय झाले असेल, याची कल्पना कोणाही शिक्षकास करता येईल. भिडस्तपणा हा आपला जन्माचा शत्रू असल्याचे कर्व्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. तो शत्रू नाहीसा होण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. चारचौघांत तोंड उघडण्याचा संकोच ज्यांना वाटे, त्यांनीच विधवांच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागितली. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन आटोपल्यावर ते हिंगण्याच्या आश्रमापर्यंत रोज चिखलाच्या वाटेने पायी जात. साधे जेवण, ठरलेल्या वेळा, नित्य चालणे यांत त्यांची वर्षे गेली; १९५८ साली भारतरत्न झाले त्या वेळी त्यांचे वय शंभर होते, आणि १९६२ साली ते निवर्तले. दीर्घायुष्याचे श्रेय चालण्याला देऊन मोकळे होणे बरोबर नाही. तसे पाहता शंभरी गाठणे हा नशिबाचाही भाग आहे. येथे त्यांचे स्मरण करावयाचे ते एवढ्यासाठी की, भीड अंगात असतानाच त्यांनी कामे केली.

या उपायांनीही काही जणांना उतार पडत नाही. भीतीचे झटके वरचेवर येतात, मन दिवसेंदिवस खचत जाते, जगणे नको वाटू लागते. अशा वेळी मानसोपचार घेण्यात कमीपणा नाही. औषधे आहेत, समुपदेशन आहे, आणि त्यांचा गुण येतो. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालापासून आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे ते जिल्ह्याच्या ठिकाणी उभे असूनही त्याचे नाव शाळेच्या आवारात अजून चेष्टेसाठी घेतले जाते. शिक्षकांनी निदान आपल्या तोंडी तरी ते तसे येऊ देऊ नये, कारण ऐकणाऱ्यांत कोणाची तरी आई तेथे औषध घेत असते. ज्यांना प्रत्यक्ष जाणे अवघड, त्यांच्यासाठी १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही शासकीय दूरध्वनी सेवा २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे.

शेवटी मुलांविषयी. दर सोमवारी पोट दुखते म्हणून रडणारा मुलगा ढोंगी असतोच असे नाही. पोटात गोळा येणे हा वाक्प्रचार त्याला अजून शिकविलेला नसतो, इतकेच. फळ्यापाशी उभे केल्यावर ज्याचे पाढे पळून जातात त्याला तेथेच वर्गाच्या हशात उभे ठेवणे म्हणजे त्याच्या शरीराला फळ्याची भीती शिकविणे होय. आणि त्याला पुन्हा कधी फळ्यापाशी न बोलावणे हेही त्याला टाळणे शिकविणेच आहे. आधी जागेवरून, मग शेजाऱ्याबरोबर उभे राहून, मग एकट्याने, असे त्याला पुढे आणावे.

परिसर अभ्यासाच्या तासाला करता येण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. त्याला साहित्य लागत नाही. सेकंदकाटा असलेले एक घड्याळ पुरते. मुलांना मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटे ठेवावयास शिकवावे. पंधरा सेकंद ठोके मोजून त्यांना चाराने गुणावे व वहीत लिहावे; मुलांचे आकडे प्रौढांपेक्षा अधिक येतील, त्याने दचकू नये. मग अंगणातील आंब्यापर्यंत पळत जाऊन परत यावयास सांगावे. हृदयाचा आजार असलेल्या किंवा नुकत्याच तापातून उठलेल्या मुलास मोजणीदार नेमावे. पळून येताच पुन्हा मोजावे, आणि पुढे दर मिनिटाला, पाच मिनिटेपर्यंत. आकडे चढलेले व मग एकेक करून उतरलेले प्रत्येकाला स्वतःच्या वहीत दिसतील. ते उतरत असताना वर्गाने काही करावयाचे नसते. भिंतीला टेकून स्वस्थ बसावयाचे असते. नंतर ज्याला परीक्षेच्या दिवशी छातीत धडधडते त्याने हात वर करावा, असे विचारावे, आणि शिक्षकाने आपलाही हात वर करावा.